दुरुस्तीच्या पावतीवर डेटाचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या अमळनेरात वैशाख सरता सरता पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि त्याच दिवसांत फुगलेल्या बॅटरीचे, उचकटलेल्या डिस्प्लेचे, मध्येच बंद पडणारे फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानांपुढे उभी राहिलेली माणसे दिसू लागतात. आयफोन बनवणारी कंपनी भोवतालचे तापमान 35 अंशांपर्यंतच असावे असे सांगते. खान्देशातल्या उन्हाळ्यात ती मर्यादा सकाळीच ओलांडली जाते आणि आपले फोन दिवसभर शर्टाच्या खिशात नाहीतर मोटारसायकलच्या डिकीत तापत राहतात. त्याच फोनमध्ये वादळाने आडव्या झालेल्या केळीबागेचे फोटो असतात, व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर कळवलेला भाव असतो, पीकविम्याची पावती असते आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे आवाज असतात. तो दुकानदाराच्या हाती देण्याआधी आतल्या मजकुराची नक्कल काढली आहे का, हे मालकाने पाहायला हवे आणि दुकानदाराने विचारायला हवे, एवढ्याच विषयावर हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी ज्येष्ठात माझा फोन सुरू होताना लोगोवरच अडकू लागला. कधी पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर चालू होई, कधी होत नसे. दुकानातल्या मुलाने तो पाहिला आणि म्हणाला, ‘‘काका, सॉफ्टवेअर मारावं लागेल. डेटा उडेल, चालेल ना?’’ माझे फोटो गुगल फोटोजमध्ये आपोआप जातात हे मला ठाऊक होते, म्हणून मी मान हलवली. तासाभरात फोन चालू होऊन हातात आला, संध्याकाळी सगळे फोटोही परत दिसले. आईची गाणी मात्र आली नाहीत.

त्याच्या तीन वर्षे आधी, श्रावणात कानबाई या आमच्या खान्देशी देवीच्या रोटांच्या सणात, आईने म्हटलेली अहिराणी गाणी मी फोनच्या रेकॉर्डरवर घेतली होती. अकरा गाणी होती. नारळाची कानबाई सजवून पाटावर बसवलेली, शेजारच्या बाया ओसरीवर जमलेल्या, आणि आई भिंतीला टेकून गात होती. चौथ्या गाण्याच्या मध्येच तिला ठसका लागतो, कोणीतरी तांब्या पुढे सरकवते, त्याचा फरशीवर आवाज होतो आणि आई पुढची ओळ पुन्हा पहिल्यापासून धरते. सगळे झाल्यावर तिने विचारले होते, ‘‘मन्हा आवाज तुन्हा फोनमा शे का रे?’’ मी म्हणालो, आहे. पुढच्या माघात ती गेली.

चूक कोठे झाली, हे नंतर माझ्या पुतण्याने समजावून सांगितले. गुगल फोटोजमध्ये फोटो आणि व्हिडिओ जातात, रेकॉर्डरने घेतलेले आवाज जात नाहीत. ‘बॅकअप चालू आहे’ एवढ्या शब्दांवर मी विसंबलो, पण बॅकअप कशाचा चालू आहे, हे एकदाही पाहिले नाही. दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही, कारण त्याने विचारले होते. पण त्या ‘चालेल ना’मध्ये काय काय जाणार आहे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

गेलेले परत मिळवता येईल का, यासाठी मी पुण्यातल्या दोन जाणकारांना फोन केला. दोघांचे उत्तर एकच होते. पूर्वीच्या मेमरी कार्डावरून पुसलेले फोटो पुष्कळदा परत काढता येत, कारण पुसल्यानंतरही मजकूर कार्डावर तसाच पडून असे. आताच्या फोनमधला मजकूर मात्र कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनांना ते सक्तीचेच झाले. त्या कुलपाची किल्ली फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते आणि फोन रिसेट झाला, म्हणजे ‘सॉफ्टवेअर मारून’ कोरा केला, की ती किल्लीच नष्ट होते. मग मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचली तरी हाती निरर्थक आकडे लागतात. हीच सोय फोन चोरीला गेल्यावर आपले रक्षण करते, म्हणून तिच्याविषयी तक्रार नाही, पण तिच्यामुळे दुरुस्तीनंतर ‘बघू, काढून देऊ’ या शब्दाला फारसा अर्थ उरलेला नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. फोटोंची आणि व्हॉट्सॲपची आपोआप होणारी नक्कल बहुधा वाय-फाय असेल तेव्हाच व्हावी अशी मांडणी फोनमध्ये आधीपासून केलेली असते. गावात किती घरांत वाय-फाय आहे? सेटिंग चालू दिसते आणि शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी तर ती आठ-दहा महिन्यांपूर्वीची असते. मोबाईल डेटावर करायचे म्हटले, तर रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये तीस जीबी मजकूर चढवायला वीस दिवस लागतील, तेही दुसरे काहीच न पाहता. शिवाय गुगलची फुकट जागा 15 जीबी आहे आणि त्यात ईमेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. ती भरली की नवे काहीच जात नाही आणि भरल्याची सूचना आपण बोटाने बाजूला सारतो.

म्हणून आमच्यासारख्यांना केबल लावून संगणकावर, नाहीतर फोनला जोडता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर थेट नक्कल करणे अधिक सोपे पडते. त्याला इंटरनेट लागत नाही आणि काय उतरले, काय राहिले हे डोळ्यांना दिसते. फोटोंच्या फोल्डरबरोबर रेकॉर्डिंग, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरेही उतरवावीत. संपर्क क्रमांक फोनमध्ये आहेत, सिममध्ये की गुगल खात्यात, हे पाहावे, कारण फक्त फोनमध्ये असलेले क्रमांक रिसेटमध्ये जातात. नक्कल झाली की त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडून, वाजवून पाहाव्यात. खात्याचा पासवर्ड वहीत लिहिलेला असावा. तो आठवत नसेल तर रिसेटनंतर स्वतःचाच फोन उघडत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवावे. बॅटरी फुगली असेल तर मात्र नकलेसाठी म्हणूनही फोन चार्जिंगला लावू नये, आधी बॅटरी बदलून घ्यावी.

आणि बॅटरी, डिस्प्ले किंवा चार्जिंगचा पिन बदलताना मजकूर पुसावा लागत नाही, हे ग्राहकांना ठाऊक असले पाहिजे. डिस्प्ले फुटून काहीच दिसत नसेल तर आधी डिस्प्ले बदलून, मग नक्कल करून, मग पुढचे काम करता येते. दुकानदार तपासणीसाठी लॉकचा पिन मागतात, त्यावरही तोड निघाली आहे: सॅमसंगने 2022 मध्ये मेंटेनन्स मोड आणि गुगलने 2023 मध्ये पिक्सेल या आपल्या फोनांसाठी रिपेअर मोड आणला, ज्यात फोन तपासता येतो पण आपले फोटो आणि संदेश दिसत नाहीत. इतर फोनांतही तो सर्रास असायला हवा.

माझी खरी मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मोबाईल दुरुस्ती करणाऱ्यांकडे आहे. आपण ग्राहकाला जी पावती देता, तीवर फोनचे मॉडेल असते, बिघाड असतो, रक्कम असते. त्याच पावतीवर तीन गोष्टी मराठीत छापाव्यात: या कामात मजकूर पुसला जाणार आहे की नाही, ग्राहकाने नक्कल घेतली आहे की नाही, आणि पुसण्यास त्याची संमती असल्याची सही. काउंटरवर गर्दी असते हे मान्य, पण सही करायला पेन हातात घेतलेला माणूस क्षणभर थांबतो आणि ‘यात रेकॉर्डिंगपण जाईल का हो?’ असे विचारतो. मला त्या दिवशी तेवढाच क्षण हवा होता. तोवर फोन पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर चालू होत होता. घरी नेऊन केबल लावली असती तर गाणी निघाली असती.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहात मठोमठीहून जमवलेली जुनी बाडे आहेत. एकाच ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या मठांत बसून कोणीतरी हाताने उतरवल्या होत्या, म्हणून एखाद्या ठिकाणची प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरीकडची उरली. अकरापैकी एक गाणे मी तेव्हा नंदुरबारच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. तिने ते पुसले नव्हते. ते चौथे गाणे आहे, ठसक्याचे. आता ते माझ्या संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि दोन्ही भाच्यांच्या फोनमध्ये आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव