धबधब्यांची यादी पुरे झाली, फाल्गुनातलं पाणी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आत्ता एप्रिल लागलाय, म्हणजे अजून दीडेक महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत 'या पावसाळ्यात कुठे जाल' म्हणून दहा धबधब्यांची यादी येईल. दरवर्षी येते आणि नावं पण जवळपास तीच असतात. मग पुढच्या सोमवारी त्यातल्याच एखाद्या धबधब्यावर पोरं अडकल्याची बातमी पहिल्या पानावर. मी तुमचा पेपर तीस वर्षं घेते त्यामुळे हे हक्काने बोलतेय, राग मानू नका.

विषय असा की आमचा चौदा जणांचा ग्रुप मार्चमध्ये महाबळेश्वरपासून समुद्रापर्यंत चालत गेला, सात दिवस, सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची कॉलेजची मुलगी आणि सगळ्यात मोठे सहासष्टचे आमचे शेजारी, मी स्वतः अठ्ठावन, बँकेतून रिटायर, डाव्या गुडघ्याला पट्टा. म्हणजे फार कुणी पट्टीचे ट्रेकर वगैरे आम्ही नाही हे लक्षात यावं म्हणून सांगितलं.

मी वाईची. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गोमुखातून जे पाणी पडतं ते कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं मानतात, त्यातली आमची कृष्णा वाईवरून पूर्वेला जाते ती पार आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत साधारण १४०० किलोमीटर, आणि सावित्री तिथूनच पश्चिमेला कड्याखाली उतरते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात. यज्ञाला उशीर झाला म्हणून ब्रह्मदेवाने गायत्रीला शेजारी बसवलं, सावित्री चिडली आणि सगळ्यांना नद्या व्हा म्हणून शाप दिला अशी गोष्ट आजी सांगायची. तर त्या चिडलेल्या बाईच्या मागे मागे जायचं असं लहानपणापासून डोक्यात होतं, नोकरीत जमलं नाही, आता जमलं.

आर्थर सीटवरून, म्हणजे जुन्या मढीमहालावरून, ढवळे घाटाने खाली उतरायचं ठरलं. तिथे वर पर्यटकांना इंग्रजांच्या काळातल्या आर्थर मॅलेट साहेबाची बायको आणि मूल सावित्रीत बोट बुडून गेलं आणि तो इथे बसून खाली नदीकडे बघायचा असं सांगतात. लोक रेलिंगला टेकून ते ऐकतात, फोटो काढतात, मक्याचं कणीस घेतात आणि परत गाडीत. तिथूनच बाजूने खाली एक वाट जाते हे फार कमी जणांना माहीत असेल. ही वाट जावळीच्या मोऱ्यांच्या वेळची म्हणा किंवा त्याच्याही आधीची, खाली मोऱ्यांचा चंद्रगड आहे, मध्ये बहिरीची घुमटी आहे, आणि साडेचार हजार फुटांवरून तुम्ही एका दिवसात थेट कोकणात. ढवळे गावातले एक काका आदल्या दिवशी वर आले होते आम्हाला न्यायला, वय सत्तर, पायात स्लीपर. आमच्या सगळ्यांच्या पायात चार-चार हजाराचे बूट आणि घसरत होतो आम्हीच, कारण मार्चमध्ये गवत वाळून काचेसारखं गुळगुळीत होतं, हे पावसाळ्यात येणाऱ्यांना कळणारच नाही.

वसंत म्हणाल तर होता. वर अंजनी जांभळी फुललेली, म्हणजे फांदीला चिकटूनच फुलं, लांबून वाटतं कुणी गुलाल-बुक्का उधळलाय. खाली पांगारा, काटेसावर, पळस. तांबट पक्षी दिवसभर ठोकल्यासारखा टुकटुकत होता. पण एका सोंडेवर वळलो तर अख्खा उतार काळा. वणवा. आठ दिवसांपूर्वी लागला होता म्हणे, कुणी लावला ते कुणीच सांगत नाही. राखेतून चालताना प्रत्येक पावलाला धुरळा उडत होता आणि नाकात, घशात, बाटलीच्या बुचावर सगळीकडे तीच राख. आणि तिथेच आमचं पाणी संपलं.

चूक आमचीच होती. माणशी तीन लिटर घेतलं होतं आणि मधल्या नेहमीच्या पाण्यावर परत भरू असा हिशोब होता. त्या पाण्यावर पोचलो तर वीतभर हिरवं पाणी आणि त्यात चिप्सची पाकिटं, रेनकोटचं फाटकं प्लास्टिक, बाटल्यांचा खच. पावसाळ्यात एका ट्रेक कंपनीने एकाच दिवशी शंभराच्या वर पोरं आणली होती असं काका म्हणाले, तेव्हा पाणी काय सगळीकडेच असतं त्यामुळे त्या झऱ्याची किंमत कुणाला असणार. दुपारचे दोन, ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. आमची एकोणीस वर्षांची पोरगी रडायला लागली, मी तिला समजावत होते पण खरं सांगायचं तर माझीच जीभ टाळ्याला चिकटलेली.

काका काही बोलले नाहीत. खाली एका कोरड्या ओढ्यात उतरले, इकडेतिकडे बघितलं, एका मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, जिथे वाळू जरा गडद होती, तिथे बसले आणि हातांनी उकरायला लागले. डवरा. आम्ही वाईकर लोक हा शब्द फक्त ऐकून. हातभर खड्डा झाला तेव्हा तळाला ओल आली, मग गढूळ पाणी. काकांनी कंबरेच्या पंच्यातून नारळाची करवंटी काढली आणि ते गढूळ पाणी उपसून टाकून दिलं, आम्ही सगळे बघतोय, चौदा जणांचा जीव वर आला पाणी फेकलेलं बघून. दुसऱ्यांदा भरू दिलं, परत उपसलं. तिसऱ्यांदा वाळू खाली बसू दिली, वीसएक मिनिटं आम्ही सगळे त्या खड्ड्याभोवती नुसते बसून. मग पाणी असं की तळाचा खडा न खडा दिसावा. पहिली करवंटी त्यांनी त्या पोरीला दिली नाही हं, बाजूच्या झाडाच्या बुडात ओतली, दुसरी तिला. का म्हणून विचारलं तर हसले, आमच्यात तसंच आहे म्हणाले.

भरून झाल्यावर डवऱ्यावर एक सपाट दगड तिरका ठेवला, जनावरांना पिता यावं पण घाण पडू नये असा. पूर्वी गावातली बाया-माणसं डोक्यावर तांदूळ घेऊन याच वाटेने महाबळेश्वरला बाजाराला जायची, तेव्हा होळीच्या आधी सगळे मिळून वाटेवरचं पाणी उकरून ठेवायचे, वाटेच्या दोन्ही बाजूचं गवत काढून ठेवायचे. आता गाडीरस्ता झाला, कोण येतंय. त्यांचा मुलगा मुंबईला आहे.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगत नाही. ढवळ्यातून उमरठ, तान्हाजी मालुसऱ्यांची समाधी, तिथे अर्धा तास सावलीत लोळलो, मग पोलादपूर. अंथरूण-पांघरूणं घेऊन येणारी जीप भलत्याच वाडीत गेल्यामुळे रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपलो. पोलादपूर ते महाड मात्र शिक्षा आहे. मुंबई-गोवा हायवे, काँक्रीट, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात आणि पायी माणसाने कुठून चालायचं याचा विचार केलाय असं कुठेच दिसत नाही. आम्ही दोघींनी शेवटचे सात किलोमीटर सरळ एसटी पकडली, अर्धं तिकीट, लाज वगैरे काही वाटली नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या गेल्या ते याच पट्ट्यातलं. नवीन पुलावरून बस जाताना कंडक्टर आणि सगळी बस क्षणभर गप्प झाली, की मलाच तसं वाटलं माहीत नाही.

महाडला २० मार्चला पोचायचं हे आधीपासून ठरवलं होतं. १९२७ साली याच तारखेला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पेपरात दरवर्षी फोटो बघते पण प्रत्यक्ष गर्दी पहिल्यांदा बघितली, निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पुस्तकांचे स्टॉल, फुटपाथवर झोपलेली लेकरं. पुस्तकांच्या पिशव्या घेऊन लोक परत जाताना बघितले, इतर कुठल्या गर्दीत मला हे दिसलेलं नाही. एका मंडळाच्या पाण्याच्या स्टॉलवर मराठवाड्यातल्या एक आजी बसल्या होत्या, माझ्या पायाच्या पट्ट्या बघून म्हणाल्या, कुठून चालत आलीस गं? महाबळेश्वरहून म्हणलं. पाणी मिळालं का वाटेत? सगळ्यांनी आत्तापर्यंत किती किलोमीटर झाले, फोड आले का एवढंच विचारलं होतं, हा प्रश्न फक्त त्यांनी विचारला. डवऱ्याची गोष्ट सांगितली, त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि माझी बाटली काठोकाठ भरून दिली. २०२७ ला त्या दिवसाला शंभर वर्षं होतायत. त्या निमित्ताने स्मारकं, कमानी काय व्हायच्या त्या होतीलच, पण महाडात पायी येणाऱ्या माणसाला हायवेच्या कडेने चार फुटांची सलग, सुरक्षित वाट कुणी करून दिली तर फार बरं होईल.

महाडच्या पुढे नदी बदलते. वेग जातो, रुंद होते, आणि दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरतीच्या पाण्याबरोबर पूर्वी गलबतं पार महाडपर्यंत यायची. आम्ही डाव्या तीराने गेलो, सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत तिथे पाय सोडून बसलो, आमच्या सहासष्टच्या शेजाऱ्यांनी जाहीर केलं की मी इथेच राहतो तुम्ही जा. नदीत उतरायचं मात्र नाव काढायचं नाही कारण या भागात मगरी आहेत, एक आम्ही पलीकडच्या काठावर बघितली पण, आधी ओंडका वाटला. पुढे म्हाप्रळपासून खाडीच्या कडेकडेने, तिवरं, काजूला बोंडं लागलेली, आंब्याला कैऱ्या, आणि दमट उकाडा असा की महाबळेश्वरचं ऊन परवडलं. रोजाचा महिना होता. खाडीकाठच्या एका गावात संध्याकाळी रस्त्याच्या कडेला आम्ही बसलो तर मशिदीतून एक पोरगा ताटात खजूर आणि कलिंगडाच्या फोडी घेऊन आला, चौदा जणांना पुरतील एवढ्या मोजून. आणि त्याच्या पुढच्याच गावात शिमग्याची पालखी अजून घरोघरी फिरत होती, खालूबाजा वाजत होता, आमच्यातल्या दोघांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो म्हणून बॅग दुसऱ्याला दिली.

सातव्या दिवशी बाणकोटचा किल्ला चढून पलीकडे वेळासला उतरलो. नाना फडणवीसांचं वेळास. इथे २००६ पासून कासव महोत्सव होतो. ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात जपून ठेवतात, पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ सोडतात. आम्ही गेलो त्या संध्याकाळी चारच पिल्लं निघाली. दोरीच्या मागे शंभर माणसं उभी आणि एक शब्द नाही, एवढीशी पिल्लं वाळूत पडत-उठत पाण्याकडे. गावातल्या पोरांनी दोरी बांधली, गावातल्याच घरांत राहायचं, तिथेच जेवायचं, पैसे गावात राहतात, आणि लोक मुकाट नियम पाळतात. म्हणजे जमतं. मग हेच घाटवाटेवर का जमू नये?

माझं म्हणणं एवढंच आहे की फाल्गुन लागायच्या आधी वनखात्याने ढवळ्यासारख्या गावातल्या लोकांना रोजगार देऊन या वाटांच्या कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढलेले पट्टे, काढाव्यात आणि पाणवठे साफ करून घ्यावेत. रेलिंग नको, पेव्हर ब्लॉक नकोत, सेल्फी पॉइंट तर नकोच नको. चालणाऱ्यांनी दहा-पंधराच्या गटात यावं, गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याला नीट पैसे द्यावेत, शंभर पोरं एका झऱ्यावर आणू नयेत. आणि तुम्ही तुमच्या पुरवणीत फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी अर्धं पान द्या, कुठल्या घाटवाटेवर यंदा पाणी आहे, कुठे आटलंय, कुठे वणवा लागून गेलाय, वार्ताहर तुमचे तालुक्याला आहेतच, गावात एक फोन केला तरी कळतं. धबधबा वाहतोय हे सांगायला पेपर कशाला लागतो, तो तर कुणालाही दिसतो.

पत्र फार लांबलंय, तुम्ही कापणार हे माहीत आहे. कापायचंच तर पालखीचं कापा, मगरीचं कापा, माझ्या गुडघ्याचं तर नक्कीच कापा, पण डवऱ्याचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, वाई