तिसऱ्या खांबापासून परत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. कमरेच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे वाचून बरं वाटलं, पण शेवटच्या ओळीपाशी अडकलो. 'नंतरचे दोन महिने अंथरुणाला खिळून काढायचे, त्याचीच खरी धास्ती आहे,' असं लिहिलंयस. ती धास्ती तुझ्या मनातून जावी, म्हणूनच लगेच लिहायला घेतलं. लिहायला बसलो असं म्हणत नाही, कारण उंच टेबलापाशी उभा राहून लिहितोय. वीसएक मिनिटं झाली की घरात एक चक्कर मारतो आणि मग पुढचं लिहितो. मध्येच विषय तुटला तर समजून घे.

माझ्या ऑपरेशनला आज ११ आठवडे झाले. माझी गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती, एल फोर-एल फाइव्हला, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये सरकली होती, तुझी एक मणका खाली. आपल्यासारख्या बहुतेकांची याच दोन ठिकाणी सरकते. ऑपरेशनही तेच, मायक्रोडिस्केक्टमी, म्हणजे लहानशा छेदातून गादीचा सरकलेला तुकडा काढणं. म्हणून मी सांगतोय ते तुला बरंचसं लागू पडेल. पण रॉड-स्क्रू घालून मणके जोडण्याचं ऑपरेशन वेगळं असतं, त्यात हाड जुळायला कित्येक महिने जातात आणि नियमही निराळे. तेव्हा तुझ्या सर्जनने काही वेगळं सांगितलं, तर माझं पत्र बाजूला ठेव आणि त्यांचंच ऐक.

अंथरुणाचं म्हणशील, तर मला दुसऱ्याच दिवशी सकाळी उभं केलं. फिजिओ आल्या आणि म्हणाल्या, "चला, उठू या." मला वाटलं चुकून दुसऱ्याच पेशंटकडे आल्या. त्यांनी उठायचं कसं ते शिकवलं, आणि तुला आजपासूनच त्याची सवय करता येईल. गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदम फिरवून कुशीवर वळायचं, ओंडका गडगडतो तसं, मध्ये कुठेही पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटून धड वर आणायचं. उताण्या अवस्थेतून सरळ उठून बसायचंच नाही. अजूनही मी असाच उठतो, आता विचारसुद्धा करावा लागत नाही.

उभा राहिलो तेव्हा आधी पायाकडे लक्ष गेलं. सात महिने कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत जाणारी ती आग नव्हती. जखम ठणकत होती, पाठ फळीसारखी ताठ झाली होती, पण ती आग नव्हती. मला रडू आलं. फिजिओंनी काही न बोलता थांबू दिलं, आणि मग आम्ही दारापर्यंत जाऊन आलो.

खरी भीती घरी आल्यावर सुरू झाली. वाटायचं, आत काहीतरी नुकतंच चिकटवलेलं आहे आणि पाय जरा चुकीचा पडला तर ते सुटेल. पहिले दोन दिवस मी नखांवर नेलपॉलिश वाळत असल्यासारखा जपून वावरलो. फिजिओंना फोन केला तेव्हा त्यांनी नीट समजावलं. ऑपरेशनमध्ये काही चिकटवलेलं नसतं. गादीचा जो तुकडा बाहेर येऊन नस दाबत होता तो काढलेला असतो. गादीच्या कडेला जिथून तो बाहेर आला ती फट भरून यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला तीन गोष्टी बंद: वाकणं, वजन उचलणं आणि कमरेतून वळणं. ताठ चालण्यात यातलं काहीच येत नाही.

मणक्यातल्या गादीवर कधी किती दाब येतो, हे स्वीडनचे सर्जन आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसांच्या गादीत सुई घालून प्रत्यक्ष मोजलं होतं. झोपल्यावर सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर त्याहून जास्त, पुढे झुकलं की आणखी जास्त आणि वाकून वजन उचललं की फारच जास्त. हे कळल्यावर माझ्या मनातली सगळी मांडणीच उलटली. मी चालायला घाबरत होतो आणि फोनचा चार्जर उचलायला मात्र बिनधास्त वाकत होतो.

आणि विश्रांतीबद्दल. तुझ्या घरची मोठी माणसं 'पडून राहा' म्हणतात ती मायेपोटी, आणि त्यांच्या काळात डॉक्टरही तेच सांगत. पण १९८६ सालीच एका अमेरिकी अभ्यासात कंबर धरलेल्या माणसांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितलं, तर दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. ती ऑपरेशन झालेली माणसं नव्हती. पण पडून राहिलं की पाठ लवकर बरी होते, ही समजूत तेव्हापासून ढिली पडत गेली. ऑपरेशननंतर तर चालण्याला आणखी एक कारण आहे: पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

माझी पहिली वाट घरातलीच होती, झोपायच्या खोलीच्या दारापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत, १८ पावलं. जागा असेन तोवर दर दोन तासांनी पाच मिनिटं, एवढंच. फेऱ्या मोजताना माझा गोंधळ व्हायचा, कारण निम्मं लक्ष पाठीकडे असायचं. मग चौथीतल्या लेकीने युक्ती काढली. गॅलरीतल्या दोरीच्या एका टोकाला कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. मी कठड्याशी पोचलो की एक चिमटा सरकवून दुसऱ्या टोकाला. हिरवा चिमटा मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलेला. तो सरकवला की, "बाबा, आता झोपा," असा हुकूम. दोरी खांद्याच्या उंचीवर होती, त्यामुळे वाकायचा प्रश्न नव्हता, आणि तिने हे स्वतः पाहून ठरवलं होतं. त्या आठवड्यात मला कुणी काय काय आणून दिलं ते सगळं विसरेन, पण हा हिरवा चिमटा विसरणार नाही.

मोजे घालायला मात्र दुसरं माणूस लागतं, याची तयारी ठेव. मला ते फार जड गेलं. ही माझ्यासमोर जमिनीवर बसून मोजा चढवायची आणि मी छताकडे बघायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "खाली बघ ना, मी काही वेगळं करत नाहीये." तेव्हापासून बघायला लागलो, आणि मग आमच्या गप्पाही व्हायला लागल्या. तुझ्याकडे लेसचे बूट असतील तर न वाकता पाय सरकवता येईल असा घट्ट टाचेचा, सपाट बूट आणि लांब दांड्याचा शूहॉर्न आधीच घेऊन ठेव. सपाता घालून चालू नकोस, पाय अडखळला की अंग आपोआप पीळ घेतं.

दुसऱ्या आठवड्यात टाक्यांची तपासणी झाली आणि मी रस्त्यावर आलो. घरासमोरचा रस्ता सपाट आहे. अंतर मोजायला विजेचे खांब. पहिल्या दिवशी पहिला खांब, दोन दिवसांनी दुसरा. तेव्हा जाणवलं की मी वाकडा चालतोय. सकाळच्या उन्हात सावली पुढे पडायची आणि तिचा उजवा खांदा खाली. पाय दुखत असताना महिनोन्‌महिने शरीर एका बाजूला कलून चालायला शिकलं होतं, दुखणं गेलं तरी सवय राहिली होती. फिजिओंनी सांगितलं, पावलं लहान टाका, हात मोकळे हलू द्या, नजर समोर ठेवा. मी सावलीकडे बघत तेच करत राहिलो. बाकी कुठल्या व्यायामापेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला असं वाटतं. आता खांदे जवळजवळ सारखे आहेत.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी एवढं लांबलचक लिहितोय. पाचव्या आठवड्यात एक सकाळ अशी उजाडली की कुठे काहीच दुखत नव्हतं. हवा छान होती. तिसऱ्या खांबापासून परत फिरायचं ठरलं होतं, पण मी चालत राहिलो. चौथा, सहावा, नववा. खिशातल्या फोनवर पावलांचा आकडा वाढत होता आणि मला त्या १०,००० चा मोह पडला होता. नंतर वाचलं, हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं, तिथून तो जगभर पसरला. त्याच्यासाठी मी अकराव्या खांबापर्यंत गेलो. तिथे मागे वळून पाहिलं आणि एकदम लक्षात आलं की आता एवढंच अंतर परत जायचंय.

सातव्या खांबापाशी पोटरीत ओढ सुरू झाली, पाचव्यापाशी पाय जड झाला. बसायला जागा नाही, आणि असती तरी खाली वाकून बसणं जमणार नव्हतं. खांबाला हात टेकून उभा राहिलो. लोखंड गार होतं, त्यावरचा रंग पोपडे धरून सुटला होता, आणि मी त्यातल्या एका पोपड्याकडे बघत मनात म्हणत होतो, पुन्हा सरकली, सगळं वाया गेलं. हिला फोन करून बोलावलं. त्या रात्री मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जनने पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर ओढायला लावला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. ताकद जशीच्या तशी होती. म्हणाले, "गादी सरकलेली नाही. नस अजून चिडकी आहे, तिला तुम्ही जास्त छेडलंत. दोन दिवस निम्मं चाला. पण थांबू नका." दोन दिवसांत ओढ उतरली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि तू तो पहिल्या दिवसापासून पाळावास अशी माझी अगदी मनापासून विनंती आहे. आणखी चालता येईल असं वाटत असतानाच परत फिर. दमल्यावर नाही, दुखल्यावर तर नाहीच. आणि आज जास्त झालं की नाही, हे आज विचारू नकोस, उद्या सकाळी विचार. उठल्यावर पाय कालच्यासारखाच असेल तर तेवढंच आणखी दोन-तीन दिवस, मग पाच मिनिटं वाढव. पाय जास्त बोलत असेल तर निम्म्यावर ये. चांगला दिवस आला की आपल्याला मागचे सगळे महिने एका दमात भरून काढावेसे वाटतात रे, आणि घात तिथेच होतो. वाईट दिवशी माणूस आपोआपच जपतो.

एक गोष्ट गंभीरपणे. जांघांच्या मध्ये, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, पाऊल लुळं पडायला लागलं, तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काही झालं तरी त्याच दिवशी फोन. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं तरी थेट हॉस्पिटल. हे तुझ्या घरच्यांनाही वाचून दाखव. बाकी बहुतेक दुखणी येतात आणि जातात.

अंगठा माझा अजून बधिर आहे. वरून कापड पांघरल्यासारखा. याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. पण इजा झालेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, आणि कमरेपासून अंगठा केवढा लांब! मागच्या मंगळवारी आंघोळीनंतर पुसताना पहिल्यांदा टॉवेलचा खरखरीतपणा अंगठ्याच्या कडेला जाणवला. हिला हाक मारून सांगितलं. तिला वाटलं पडलो, धावत आली.

सध्या सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास चालतो. पुढेही सोडायचा विचार नाही. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांचा. फिजिओच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणं वाढवलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, तसं काही न केलेल्यांपैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. तो अभ्यास आपल्यासारख्या ऑपरेशननंतरच्या चालण्याचा नव्हता, म्हणून तो आकडा मी स्वतःला लावत नाही. पण चालण्याइतकी साधी गोष्ट एवढा फरक पाडते, हे वाचून धीर आला.

तू ॲडमिट होशील त्या दिवशी मला लांबचा प्रवास बसून करण्याची परवानगी नसेल, म्हणून येऊ शकणार नाही. याचं मला खरंच वाईट वाटतंय. पण तू रस्त्यावर यायला लागशील तोपर्यंत माझं बसणं वाढलेलं असेल. तेव्हा येतो आणि आठवडाभर राहतो. सकाळी तुझ्याबरोबर चालेन, तुझ्याच वेगाने. तू सांगशील त्या खांबापासून वळू.

पत्रासोबत एक लहान पुडी आहे. लेकीने दहा चिमटे मोजून दिलेत, आणि हिरवा शेवटी लावायचा, हे काकांना नक्की लिहा म्हणून दोनदा बजावलंय.

तुझाच,
मी