नाव तरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं ब्रिटिश जादूगारांवरचं पान वाचलं. टॉमी कूपरची लाल फेझ टोपी, पॉल डॅनियल्स, डेरन ब्राऊन, थेम्स नदीवरून चालत गेलेला डायनॅमो, सगळे आले, मजा आली वाचायला. पण अख्ख्या पानात बाई एकच, ती पण फोटोखाली, 'डॅनियल्स आणि त्यांची सुंदर सहायिका'. अहो, नाव आहे तिला. डेबी मॅगी.

ह्यांच्या नोकरीमुळे ८२ ते ८८ आम्ही लेस्टरला होतो. शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर पॉल डॅनियल्सचा शो लागला की माझ्या पोळ्या तव्यावरच राहायच्या. तो बडबड करून सगळ्यांना स्वतःकडे बघायला लावायचा आणि मी मुद्दाम तिच्याकडे बघत बसायचे, की बाबा ही नक्की करते काय. पेटी फिरवायची, झाकण लावायचं, आत शिरायचं, एवढ्याशा जागेत अंग चोरून बसायचं आणि बाहेर येताना केसही विस्कटलेला नाही, वर हसायचं. ही काय नुसती उभी राहणारी आहे का? रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकलेली, इराणमध्ये बॅले करत होती, तिथे क्रांती झाली म्हणून पळून यावं लागलं, मग १९७९ मध्ये ग्रेट यार्मथला डॅनियल्सच्या शोमध्ये लागली. १९८८ मध्ये लग्न केलं तर टीव्हीवर तिला विचारतात काय, करोडपती पॉल डॅनियल्समध्ये तुला आधी काय आवडलं! २०१६ मध्ये नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी, एकोणसाठाव्या वर्षी, ही बाई स्ट्रिक्टली कम डान्सिंग ह्या बीबीसीच्या नाचाच्या स्पर्धेच्या फायनलला.

बाईला करवतीने कापायचा खेळ लंडनला पी. टी. सेल्बिटने जानेवारी १९२१ मध्ये फिन्सबरी पार्क एम्पायरला लोकांसमोर केला. पब्लिसिटीसाठी थिएटरबाहेर गटारात खोटं रक्त ओतायचे. आणि कहर म्हणजे बायकांच्या मतदानासाठी लढलेल्या क्रिस्टाबेल पँकहर्स्टलाच त्याने पेटीत झोपायच्या नोकरीची ऑफर दिली, तिने अर्थातच नाही म्हटलं. आपले पी. सी. सोरकार १९५६ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामावर गेले तेव्हाही तेच, मुलीला कापलं, ती उठेना, तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबीने गुडनाइट करून कार्यक्रमच संपवला आणि बीबीसीचे फोन खणखणायला लागले, मुलगी मेली का म्हणून. सोरकार तुमच्या लेखात आहेत. त्या टेबलावर झोपलेली दीप्ती डे नाही.

म्हणजे कापून घ्यायला बाई १९२१ पासून चालत होती, पण लंडनच्या मॅजिक सर्कल ह्या जादूगारांच्या क्लबचं मेंबर व्हायला १९९१ उजाडावं लागलं. त्याच वर्षी सोफी लॉइड नावाच्या नटीने रेमंड लॉइड नावाचा पोरगा बनून तिथली परीक्षा दिली. डोकं जेनी विन्स्टनली ह्या जादूगार बाईचं, अंग सोफीचं. विग, घसा बसल्यासारखा आवाज, आणि हात बायकी दिसतील म्हणून हातमोजे. हातमोजे घालून पत्त्यांची हातचलाखी करून बघा एकदा, मी घरी ट्राय केलं, पत्ते सगळे सोफ्याखाली. सोफी पास झाली! मग सर्कलने बायकांना घ्यायचं ठरवल्यावर दोघींनी खरं काय ते सांगितलं, तर सर्कलने फसवणूक केली म्हणून सोफीलाच काढलं. फसवणूक! जादूगारांनी म्हणायचं हे. २०२५ मध्ये तिला बोलावून परत मेंबरशिप दिली, जेनी तोपर्यंत राहिली नव्हती.

ही गोष्ट तुमच्या लेखात एक ओळसुद्धा नाही आणि लेख तर 'जादूच्या दुनियेतली गुपितं' असा. छापील पान आता बदलता येणार नाही, पण ऑनलाइन तरी फोटोखाली डेबी मॅगीचं नाव टाका.

एक नियमित वाचक,
डोंबिवली