टाटाला जायचंय तर दादरलाच उतरा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी मूळचा सांगोल्याकडचा, गेली २६ वर्षं डोंबिवलीत राहतो आणि नोकरीला फोर्टात जातो, म्हणजे रोज सकाळी सीएसएमटीला, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरणारा माणूस. त्यामुळे गावाकडचं कोणीही मुंबईला निघालं की पहिला फोन मला येतो, स्टेशनवर उतरल्यावर कुठून जायचं. बरं, फोन करतात ते निभावतात. मागच्या महिन्यात माझ्या मामांनी तोही केला नाही, तुला कशाला सकाळी सकाळी त्रास म्हणून.

मामांना टाटा हॉस्पिटलला दाखवायचं होतं. मामा-मामी सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आले, गाडी शेवटपर्यंत जाते म्हणून शेवटी सीएसएमटीला उतरले, १८ नंबर फलाटाच्या बाजूने बाहेर पडले आणि रिक्षा शोधायला लागले. आता मुंबई शहरात रिक्षाच नाही, ती सायन आणि वांद्र्याच्या अलीकडे येत नाही, हे गावाकडच्या माणसाला कोण सांगणार? एक टॅक्सीवाला भेटला, मीटर न टाकता ७०० रुपये घेतले. मीटरचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे आणि परळपर्यंतचं अंतर जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. पण मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. मामी म्हणाल्या, "अरे दादरची पाटी मी खिडकीतून वाचली होती की, गाडी उभी होती तिथं." म्हणजे ज्या स्टेशनपासून टाटा जवळ, त्या स्टेशनवरून हे दोघं पुढे गेले आणि पैसे देऊन परत मागे आले, तेही आजारी माणूस सोबत असताना.

म्हणून हे पत्र. टाटा, केईएम आणि लहान मुलांचं वाडिया ही तिन्ही हॉस्पिटलं परळला एकमेकांच्या जवळ आहेत. सिद्धेश्वर असो नाहीतर कोल्हापूरची महालक्ष्मी, दादरला थांबतात. तिकीट सीएसएमटीपर्यंतचं असलं तरी आधी उतरायला काही अडचण नाही. दादरहून सरळ टॅक्सी करावी, नाहीतर सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल धरली की पुढचंच स्टेशन परळ, तिथून पूर्वेला बाहेर पडायचं. लोकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, ५ रुपये, ते मात्र विसरू नका. आणि कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यातून जाता येतं हे कित्येकांना माहीतच नसतं, बिचारे गर्दीच्या डब्यात उभे राहतात, हे मी डोळ्यांनी बघतो. अजून एक, दादरला डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे नंबर सलग केलेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४, त्यामुळे जुन्या माणसाने सांगितलेला नंबर धरून चालू नका.

ज्यांना खरंच सीएसएमटीला उतरायचंय त्यांचा घोळ वेगळा असतो. बाकी मुंबईत रस्ता सांगायची रीत म्हणजे पूर्व की पश्चिम, पण इथं रूळच संपतात त्यामुळे ते चालत नाही. इथं आम्ही बीएमसीच्या म्हणजे महापालिकेच्या बाजूने, जीपीओच्या म्हणजे मोठ्या पोस्टाच्या बाजूने, नाहीतर १८ नंबरच्या बाजूने असं सांगतो. लोकलचे फलाट १ ते ७, त्यातले १ आणि २ हार्बर लाइनचे, बाहेरगावच्या गाड्या ८ पासून पुढे. मंत्रालयात काम असलेल्यांना आता मेट्रो ३ फार सोयीची झालीये, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली. सीएसएमटीला बसायचं, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन, तिथं उतरायचं. ऊन नाही, सिग्नल नाही, कोणाला विचारायला नको. माझे वडील आमच्या जमिनीच्या कामासाठी यायचे तेव्हा स्टेशनपासून चालत जायचे, चौकाचौकात विचारत.

आणि ते विचारणंही सोपं नाही, कारण पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडात दुसरं. स्टेशन व्हीटीचं १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी, आमचे म्हातारे तर अजून बोरीबंदरच म्हणतात, कारण १८५३ साली ठाण्याची पहिली गाडी तिथूनच सुटली. हुतात्मा चौक विचारला तर कोणी फ्लोरा फाउंटन म्हणून सांगतो, महात्मा फुले मंडई विचारा, समोरचा क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो अच्छा क्रॉफर्ड मार्केट. नवी नावं हवीतच, मला त्यांचा अभिमान आहे, पण नवीन माणसाला दोन्ही नावं एकत्र दिसली तर तो दोन वेगळ्या जागा समजून फिरत बसणार नाही.

माझी विनंती रेल्वेला आणि महापालिकेला अशी आहे की बाहेरगावच्या फलाटांवरून बाहेर पडताना, डोळ्यांसमोर येईल एवढा मोठा, मराठीत एक नकाशा लावा. त्यात प्रेक्षणीय स्थळं नंतर टाका, आधी टाटा, केईएम, जेजे, मंत्रालय, हायकोर्ट टाका, कुठल्या बाजूने बाहेर पडायचं आणि लोकल की मेट्रो की टॅक्सी तेवढं लिहा. आणि खरं तर हे मुंबईत लावून उपयोग अर्धाच, टाटा-केईएमसाठी दादरला उतरा ही ओळ सोलापूर, कोल्हापूर, नांदेडच्या स्टेशनांवर हवी, गाडीत बसण्याआधी.

तोपर्यंत संपादक साहेब, तुमच्या जिल्ह्याच्या आवृत्त्यांमध्ये एका रविवारी अर्धं पान द्या आणि असा नकाशा छापा. लोक तो कापून दवाखान्याच्या फायलीत ठेवतील.

आपला,
एक रोजचा प्रवासी, डोंबिवली