नानांना, नकाशा जमिनीवर उतरवल्याबद्दल

आदरणीय नाना,
सादर प्रणाम.

भूमापक म्हणून आयुष्यभर उन्हातान्हात शेतं मोजलीत. निवृत्तीनंतर आराम करायचा, तर चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत येऊन दुसरी-तिसरीच्या पोरांना नकाशा वाचायला शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

भिंतीवरच्या नकाशाने पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं की उत्तर म्हणजे वर. तुम्ही हाताने काढलेला गावाचा नकाशा मैदानात अंथरलात आणि विचारलंत, "सातपुडा कुठे दिसतो?" सगळे हात एकाच दिशेला गेले. "मग कागदावरचा सातपुडाही तिकडेच करा." पोरांनी कोपरे धरून कागद फिरवला आणि तापीचा बाण बरोबर दक्षिणेला आला. होकायंत्र तुम्ही त्यानंतर काढलंत, हे मला फार भावलं.

मग अंगठ्याची युक्ती. उभे आहोत तिथे अंगठा, चाललो की अंगठाही पुढे सरकवायचा. ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा वाचत ठिकाणं शोधत धावायचा खेळ, त्यातले कसलेले धावपटूही हेच करतात. हापशाजवळ, पाराखाली, टाकीमागे, केळीच्या बांधावर तुम्ही केशरी-पांढऱ्या झेंड्या लावल्यात. प्रत्येकीवर एक अक्षर, ते जोडीने शोधून कार्डावर लिहायचं. घड्याळ लावलं नाहीत, ते फार बरं केलंत. नाहीतर पोरं नुसती पळत सुटली असती.

वर्गात कधी तोंड न उघडणारी आमची एक मुलगी पांदीच्या फाट्यावर थांबली. जोडीदार डावीकडे निघाला होता. तिने कागदाकडे पाहिलं, मान वर करून डोंगर पाहिला आणि ओरडली, "नकाशा उलटा शे!" कागद फिरवला आणि त्यालाच हाताला धरून उजवीकडे नेलं. नाना, तिचा एवढा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

चौथीच्या पोरांना तुम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाही दाखवलात. प्रमाण 1:50,000, म्हणजे कागदावरचे 2 सेंटिमीटर तो जमिनीवरचा 1 किलोमीटर. नाला काळा का, असं एकाने विचारलं. कोरडा ओढा काळ्या रेषेने दाखवतात आणि पाणी असलेला निळ्या, असं तुम्ही सांगितलंत. सुट्टी होताच सगळी वरात नाल्यावर, पाणी आहे का बघायला!

शाळेची नवी खोली तुमच्या नकाशात नाही. पोरांनी ती पावलांनी मोजून कागदावर काढली आहे. एकदा येऊन तपासून द्याल का? शनिवारी सकाळची शाळा असते.

आपली,
पोरांची बाई