बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना आभारपत्र

माननीय डॉक्टर महोदया,

सविनय नमस्कार.

माझ्या उजव्या फुप्फुसातील 18 मिलिमीटरच्या गाठीची सीटी स्कॅनच्या साहाय्याने आपण सुईने बायोप्सी केलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जास्त साखर वापरणाऱ्या पेशी उजळ दाखवणाऱ्या तपासणीत, गाठ उजळून दिसली तेव्हा घरच्यांनी कर्करोग गृहीतच धरला होता. क्षयाची किंवा बुरशीची गाठही तशीच उजळू शकते, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय काहीही ठरवू नये, हे आपण आम्हाला समजावलेत. फुप्फुसाभोवती हवा साठू शकते, खोकल्यातून रक्त पडू शकते, क्वचित छातीत नळी घालावी लागते आणि एवढे करूनही नमुना अपुरा निघू शकतो, हेही आपण त्याच वेळी स्पष्ट सांगितलेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी इतके मोकळे बोलणे प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यावे, असे मला मनापासून वाटते.

श्वास धरण्याचा सराव आपण सुई हातात घेण्याआधीच करून घेतलात. श्वास खोल नको, नेहमीसारखा घ्या आणि तिथेच थांबा, कारण तो कमीजास्त झाला की गाठ वरखाली सरकते, हे कारणासह कळल्यामुळे मला ते जमले. मी पालथा पडलो होतो. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जात असल्याने आपण वरच्या कडेलगत सुई थोडी आत घालीत होता, स्कॅन पाहून पुन्हा थोडी पुढे नेत होता. तुकडा कापून घेणाऱ्या बायोप्सी गनचा ‘खट्’ आवाज आधीच ऐकवला होता, म्हणून ऐन वेळी मी दचकलो नाही.

मात्र माझे सर्वांत मोठे ऋण आहे ते एका छोट्या बाटलीचे. बाकीचे तुकडे फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रावणात ठेवताना एक तुकडा आपण आठवणीने सलाइनमध्ये ठेवलात, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता येत नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या, ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहामुळे जमलेल्या पेशींचा पुंजका, होता. पण ग्रॅन्युलोमा इतर आजारांतही आढळतो, त्यामुळे तेवढ्यावर क्षय पक्का म्हणता येत नव्हता. सलाइनमधील तुकड्याच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढले आणि त्यांच्यावर कोणती औषधे चालतील, हेही त्यातूनच समजले. तो तुकडा नसता तर कदाचित पुन्हा सुई घालावी लागली असती.

नंतर मला पाठीवर झोपवून लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकांचे आणि तंत्रज्ञांचेही आभार. एक्स-रेमध्ये दिसलेली थोडी हवा आपोआप जिरली.

औषधे नियमित चालू आहेत, खोकला थांबला आहे. पुढच्या स्कॅनचा अहवाल आपल्याला अवश्य पाठवीन.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण