सातव्या भागाच्या न कापलेल्या कडा

आदरणीय बाइंडरकाका,
सप्रेम नमस्कार.

‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’ काल रात्री पुन्हा वाचून संपवले आणि आज सकाळी हातातली कामे बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसले. या मालिकेशी तुमचा काही संबंध नाही, तरीही तिचा शेवटचा भाग मला परत वाचता आला तो केवळ तुमच्यामुळे, आणि हे चारचौघांत सांगावे असे मनापासून वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. पहिले सहा भाग नव्याने विकत घेता आले. सातव्याच्या समासांत मात्र माझ्या आईची पेन्सिलीने केलेली टिपणे आहेत आणि आई आता नाही. अक्षरे पुरातून वाचली, पण पाने गाळाने चिकटून फुगली होती. आधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्यापैकी एकाने पुस्तक हातातही न घेता ‘रद्दीत घाला, नवे मिळते की’ असे सांगितले. दुसऱ्याने ते ठेवून घेतले आणि कित्येक महिन्यांनी होते तसेच, वर बुरशी धरलेले, परत केले. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण समोरचे माणूस काय घेऊन आले आहे हे उघडून पाहण्याचेही कष्ट न घेणे मला अजून बोचते.

तुम्ही उघडून पाहिलेत. शिलाई, खळ, पाठीची कापडी पट्टी यांतले तुमचे कसब जाणकारांनी सांगावे. मला भिडली ती वेगळीच गोष्ट. बांधणी झाली की पुस्तकाच्या तीन बाजू कापून सारख्या करण्याची रीत आहे. आईची टिपणे समासाच्या अगदी टोकापर्यंत गेली आहेत, हे तुम्ही पाहिलेत आणि मी काही न सांगता कडा तशाच ठेवल्यात. पुस्तक माझ्या हाती देताना म्हणालात, “कडा खालीवर दिसतील ताई, पण कापल्या असत्या तर कुणाचं तरी अक्षर गेलं असतं.”

ते अक्षर कुठे आहे, ते सांगते. हॅरीचा मित्र डॉबी, एक एल्फ म्हणजे जादूच्या जगातला बुटका जीव, मरतो, तेव्हा हॅरी जादू न वापरता फावडे घेऊन स्वतः त्याची कबर खणतो. त्या पानाच्या कडेला आईने लिहिले आहे : ‘जादू येत असून हातांनी खणले. असेच हवे.’ २००७ साली जुलैमध्ये हा भाग आला तेव्हा कोण जगते, कोण मरते एवढ्याच ओढीने मी तो वाचला होता. या वेळी संथपणे वाचताना लढाईपेक्षा क्रीचर या दुसऱ्या एल्फपाशी अधिक रेंगाळले. सर्वांनी हिडीसफिडीस केलेल्या त्या घरगड्याला हॅरी त्याच्या लाडक्या धन्याचे, रेग्युलसचे, लॉकेट देतो. ते तर बनावट असते आणि हॅरीच्या दृष्टीने निरुपयोगी, पण त्या म्हाताऱ्याच्या लेखी त्याचे मोल काय आहे हे ओळखून दिलेले असते. त्यानंतर क्रीचर पार बदलतो आणि शेवटच्या लढाईत इतर एल्फना घेऊन उतरतो. दुसऱ्याला काय मोलाचे आहे हे त्याने सांगण्याआधी ओळखणे, हाच मला माणुसकीचा सर्वांत अवघड भाग वाटतो, आणि तुमच्या दुकानात तो मला सहज मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची ही मालिका वाचायला घेणार आहे. सातवा भाग तिला हाच द्यायचा असे ठरले आहे. समासात लिहावेसे वाटले तर खुशाल लिही, फक्त पेन्सिलीने लिही, एवढे तिला आताच सांगून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
गावभाग, सांगली येथील एक वाचक